दोन डाव्या बाह्या

तिला सगळे डावी म्हणायचे. ती लिहायची उजव्या हाताने, जेवायची उजव्या हाताने, सुईसुद्धा उजव्याच हातात धरायची. त्यामुळे नवं गिऱ्हाईक शिंप्याच्या दुकानात आलं की हमखास कौतुक करायचं, "डावखुऱ्या असून उजव्या हातानं किती सफाईनं काजं करता हो!" ती नुसती हसायची. खरी हकीकत सांगायला मशीनवाले काका टपलेलेच असायचे. एरवी गिऱ्हाइकाने वेळ विचारली तरी मान वर न करणारा हा माणूस त्या एका गोष्टीसाठी मात्र मशीन थांबवायचा.

हकीकत अकरा वर्षांपूर्वीची. तिला दुकानात लागून जेमतेम वर्ष झालं होतं. दुकानाचे मालक, मास्तर, त्या दिवशी कुठल्या तरी कारणाने खुशीत होते. तसं त्यांचं सहसा होत नसे, पण झालं. "घे, आज या कोटाच्या बाह्या तू काप," म्हणाले. कापड थोडं कमी होतं, त्यामुळे दुहेरी घडी घालून दोन्ही बाह्या एकदम कापायची सोय नव्हती. एकेरी कापडावर आधी एक बाही आखायची, मग कागदी नमुना पालथा घालून दुसरी. तिने पहिली बाही इतकी सुरेख कापली की मास्तरांनी काकांना बोलावून दाखवली. मग तिने त्याच आनंदात दुसरी कापली. नमुना पालथा घालायचा राहून गेला. दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. माणसाला दोन डावे हात असते तर तो कोट झकास बसला असता.

मास्तरांनी तिला एक शब्दही बोलून दाखवला नाही, आणि हेच फार वाईट झालं. त्यांनी कोटाचं बिनबाह्यांचं जाकीट केलं आणि गिऱ्हाइकाच्या गळी उतरवलं की सध्या हेच चालतं. गिऱ्हाईक इतकं खूश झालं की महिन्याने अजून एक तसलंच शिवायला टाकून गेलं. म्हणजे नुकसान कुणाचंच झालं नाही, झालं ते तिचंच. कात्री मास्तरांच्या कुलपाच्या खणात गेली, ती स्वतः खिडकीजवळच्या स्टुलावर गेली आणि तिचं नाव डावी पडलं. काजं, बटणं, हूक, अस्तराची हातशिलाई यात अकरा वर्षं सरली.

मुळातच तिचा स्वभाव धास्तीचा, त्यात हे घडलेलं. मग काय विचारता! दोन बटणांमधलं अंतर ती तीनदा मोजायची. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायची आणि परत येऊन कुलूप ओढून बघायची. आमटीत मीठ घातलं की नाही हे तिला आठवायचं नाही, आणि चव घेतली तरी खात्री व्हायची नाही. "पुन्हा एकदा बघते" हे तिचं पालुपदच होतं. पण या सगळ्या धास्तीच्या खाली एक इच्छा चिकटून बसली होती. आयुष्यात एक कोट, कॉलरपासून मनगटापर्यंत, आपण स्वतः कापायचा. एकच. तो अंगावर घालून कुणीतरी रस्त्याने गेलं पाहिजे आणि आपण खिडकीतून बघितलं पाहिजे. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती, कारण घरात त्याचे परिणाम रोज दिसत होते.

परिणाम सासऱ्यांना भोगावे लागत होते.

तिचे सासरे पोस्टातून निवृत्त झालेले. पत्रं वाटण्यात त्यांची तीस वर्षं गेली, पण त्यातलं एकही उघडून वाचता आलं नाही. ती भूक ते आता वर्तमानपत्रावर भागवत. पण वाचायचे कसे? अक्षर अन् अक्षर. पहिलं पान संपायला त्यांना अख्खा दिवस लागायचा. आतल्या पानांवर ते संध्याकाळी यायचे आणि नेमकी त्याच वेळी ती दुकानातून घरी यायची. हातपाय धुऊन, स्वयंपाकघरातली कात्री घेऊन ती मधलं जोडपान जमिनीवर पसरायची आणि बाह्या कापायची. एका पानावर एक बाही, शेजारच्या पानावर दुसरी. मनगटाशी चार बोटं कागद कमी पडायचा, तेवढी भर ती मनातल्या मनात घालायची. घडी घालून कापलं की दोन्ही बाह्या आपोआप बरोबर येतात हे तिला ठाऊक होतं. पण चूक झाली होती ती एकेरी कापडावर, म्हणून ती हट्टाने एकेरीच कापायची. आणि कापून झाल्यावर दोन्ही बाह्या हातात घेऊन खिन्न व्हायची. कागदाला दोन्हीकडून छपाई. सुलट कुठली नि उलट कुठली? तुकडा असा धरला तर डावा, तसा धरला तर उजवा. आपल्याला जमलं की नाही हे तिला कळायचंच नाही.

ती कापत असताना सासरे बाकीची पानं मोठ्याने वाचायचे. मग उरलेलं जोडपान त्यांच्या हाती यायचं, दोन भोकांसकट. पहिले काही दिवस ते चिडले. मग त्यांनी भोकं भरायला सुरुवात केली. तेही मोठ्यानेच वाचायचे, भोक आलं की आवाज जराही न बदलता पुढे जायचे. "पाणीपुरवठा खात्याने कळवले आहे की येत्या सोमवारपासून शहराच्या पूर्व भागात... सकाळी कोमट पाणी सोडण्यात येईल." शेजारीण त्या सोमवारी सकाळी आंघोळीसाठी खोळंबून बसली होती. डावीचा नवरा लांबच्या फेऱ्यांवरचा ट्रक चालवायचा. आठवड्याने घरी आला की बातम्या बापाकडून ऐकायचा आणि ढाब्यावर बसून लोकांशी वाद घालायचा. दोनदा मार खाता खाता वाचला.

एवढं होऊनही सासऱ्यांनी तिला "कापू नकोस" असं कधी म्हटलं नाही. एकदा फक्त म्हणाले, "खेळाचं पान काप की. त्यात सगळे हरलेलेच असतात."

तर असं चाललं असताना एका मंगळवारी मास्तर पडले.

आयुष्यभर ज्यांनी "खडू खाली पाडू नका रे, कुणाचा तरी हातपाय मोडेल" असा घोषा लावला, ते मास्तर स्वतःच्याच हातून पडलेल्या खडूवर घसरले. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर सहा आठवडे. आणि आदल्याच दिवशी त्यांनी एका ग्रंथपालाचं माप घेतलं होतं.

हे ग्रंथपाल रविवारी निवृत्त होणार होते. वाचनालयात निरोपाचा समारंभ होता. त्यांनी आणलेलं कापड गडद निळं, जड, हाताला गार लागणारं. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या आत्याने दिलं होतं. "काहीतरी मोठं घडलं की कोट शिव," असं सांगून. "मग तीस वर्षं मी वाट बघितली," ग्रंथपाल मास्तरांना म्हणाले होते, "पण तसं काही घडलं नाही हो. आता निवृत्तीहून मोठं काय घडणार?" तीस वर्षांत कापड होतं तेवढंच राहिलं, ग्रंथपाल मात्र वाढले होते. कापड जेमतेम पुरणार होतं. तसं कापड आता कुठे मिळण्यासारखं नव्हतं आणि आत्याही राहिली नव्हती.

बुधवारी मास्तरांचा फोन आला. काकांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. सगळ्यांना म्हणजे तिला.

"कापड समोरच्या दुकानात देऊन टाका," मास्तर म्हणाले. स्वतःचा दात स्वतः उपटणाऱ्या माणसाचा असावा तसा त्यांचा आवाज होता. समोरच्या दुकानाशी ते अठरा वर्षं बोललेले नव्हते.

"मी कापते," कुणीतरी म्हणालं.

तिने चमकून मागे पाहिलं. मागे भिंत होती.

"कोण बोललं?" मास्तर फोनवर ओरडले.

"डावी," काका म्हणाले.

 मग मास्तर म्हणाले, "डॉक्टरांनी मला घराबाहेर पडू नको म्हणून बजावलंय."

"मग?" काकांनी विचारलं.

"मग काय मग? उद्या दहाला येतो."

गुरुवारी मास्तर गळ्यात हात अडकवून आले आणि तिच्या स्टुलावर बसले. अकरा वर्षांत ते त्या स्टुलावर पहिल्यांदाच बसत होते. "हे हलतं," अशी त्यांनी तक्रार केली. "दहा वर्षं सांगतेय," ती म्हणाली. त्यांनी कुलूप उघडून कात्री टेबलावर ठेवली. त्या कात्रीने कागद कापायची कुणाची छाती नव्हती, कापडालासुद्धा ती गेल्या अकरा वर्षांत मास्तर सोडून कुणी लावलेली नव्हती. तिने ती उचलली, आणि स्वयंपाकघरातल्या कात्रीची सवय असलेला तिचा हात वजनाने खाली गेला.

पाठ कापून झाली. पुढचे दोन भाग झाले. मास्तरांचं तोंड अखंड चालू होतं. "खडू तिरपा धर. इतका तिरपा नको. श्वास का रोखलास? अगं हळू, केवढा मोठा सुस्कारा, कापड उडेल!" तरी तिचा हात चालत होता. अंगाचे भाग दुहेरी घडीवर निघाले, त्यात घोळ व्हायची सोयच नव्हती.

मग बाह्या आल्या. उरलेलं कापड वेडंवाकडं, एकेरी. एक बाही या कोपऱ्यात, दुसरी त्या. अगदी तेव्हासारखंच.

तिने पहिली आखली. नमुना पालथा घातला, दुसरी आखली. मग तिला वाटलं, पालथा घातला का आपण? की मघाशीच पालथा होता आणि आता सुलटा झाला? तिने पुसलं. पुन्हा आखलं. पुन्हा एकदा बघते, म्हणाली. अकरा वेळा पालथं-सुलटं झाल्यावर त्या निळ्या कापडावर खडूच्या इतक्या रेघा झाल्या की कुठली खरी हे विचारायचीही सोय राहिली नाही. मास्तर काही बोलले असते तर बरं झालं असतं. पण नेमके आता ते गप्प झाले होते. काकांनी मशीन थांबवलं होतं.  कात्री खाली ठेवून ती म्हणाली, "जेवून येते."

ती काही जेवायला गेली नव्हती. ती परत न येण्यासाठी गेली होती, हे तिलाही माहीत होतं आणि त्या दोघांनाही.

घरी सासरे पहिल्या पानाच्या तिसऱ्या स्तंभापर्यंत पोचले होते.

"बाबा, मी परत जात नाही आता," तिने सांगून टाकलं. "समोरच्या दुकानात देऊ दे कापड. बाह्या मला जमत नाहीत. पुन्हा दोन्ही डाव्या निघतील आणि त्या बिचाऱ्या माणसाची तीस वर्षं वाया जातील." बोलता बोलता तिला रडूच आलं.

सासऱ्यांनी बोट तिसऱ्या स्तंभावर ठेवून चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "जमत नाहीत असं कोण म्हणतं?"

"अकरा वर्षं कापतेय, एकदा तरी खात्री पटली का मला? कागदावर कळतच नाही डावी की उजवी."

"तुला कळत नसेल," सासरे म्हणाले. "मला कळतं."

ते उठले, पलंगाखाली वाकले आणि कण्हत कण्हत एक गठ्ठा ओढून बाहेर काढला. त्यांचा एक नियम होता. पूर्ण वाचून झाल्याशिवाय पान टाकायचं नाही. आणि मधलं जोडपान कधी पूर्ण वाचताच येत नसल्यामुळे अकरा वर्षांतलं एकही टाकलेलं नव्हतं. घरातले दोन पलंग, एक बाक आणि टीव्हीचं टेबल त्यांच्यावरच उभं होतं.

त्यांनी एक पान जमिनीवर पसरलं. दोन भोकं. दुसरं पसरलं. दोन भोकं. तिसरं, चौथं, पाचवं.

"बघ नीट. तू नेहमी कापलेलं उचलतेस. उरलेलं कधी बघितलंस? या भोकाचं कोपर इकडे, त्याचं तिकडे. कोपराला कोपर लावून बसल्यात दोघी. एक डावी, एक उजवी. रोज. दोन्ही एकाच दिशेला वळलेल्या मी एकदाही बघितल्या नाहीत. मधल्या घडीलगतची बातमी अकरा वर्षांत मला मिळालेली नाही, मला विचार!"

ती गुडघ्यावर बसली. जमीन दिसेनाशी होईपर्यंत तिने पानं पसरली. पाच वर्षांपूर्वीचं एक काढलं, नऊ वर्षांपूर्वीचं एक काढलं. धाकट्या दिराच्या लग्नाच्या दिवशीचं, तिला ताप होता त्या आठवड्याचं. सगळीकडे कोपराला कोपर.

"पुन्हा एकदा बघते," ती म्हणाली.

"बघ की. चार हजार आहेत," सासरे म्हणाले. "पण मग ग्रंथपालाचा कोट त्याच्या नातवाला होईल."

तिने डोळे पुसले आणि ती उठली. सासऱ्यांनीही चपला घातल्या. आजचं वर्तमानपत्र काखेत मारलं. "मी येतो. आज तू कापड कापणार, म्हणजे माझं पान शाबूत. दुकानात उजेड बरा असतो वाचायला."

सासरे दुकानात शिरले, मास्तरांच्या शेजारी काकांची खुर्ची ओढून बसले आणि कुणाची परवानगी न विचारता मधलं जोडपान उघडून खणखणीत आवाजात वाचू लागले. हा आवाज कानावर पडला की कात्री चालवायची, ही तिच्या हाताला अकरा वर्षांची सवय. तिने सगळ्या रेघा झटकून टाकल्या. एक बाही आखली. नमुना पालथा घातला. दुसरी आखली.

"अगं, आधी नीट..." मास्तर म्हणू लागले.

"चौकातल्या मनोऱ्यावरील घड्याळाची दुरुस्ती पूर्ण झाली असून," सासऱ्यांनी आवाज चढवला, "सदर घड्याळ यापुढे सुट्टीच्या दिवशी अर्धा तास उशिरा चालेल."

"काय?" मास्तर वळले. "असं कसं? सुट्टीच्या दिवशी उशिरा?"

"लोकांना झोप मिळावी म्हणून."

"अहो पण घड्याळ आहे ते! कुठे लिहिलंय असं? दाखवा."

मास्तर प्लास्टर सावरत उठले आणि पानात डोकं घालून शोधू लागले. ती बातमी पानाच्या बरोबर मध्यावर होती, घडीलगत. तिथे लिहिलं होतं की घड्याळ आता वेळ बरोबर दाखवतं. बस, एवढंच.

"हे तर काहीच नाही!" मास्तर म्हणाले. "तुम्ही मनचं वाचताय!"

"सवय झालीये हो," सासरे ओशाळून म्हणाले. "इथे भोक असतं एरवी."

यावर मास्तरांनी त्यांना धारेवर धरलं, काकांनी मध्ये पडून घड्याळाचीच बाजू घेतली, आणि तिघांची चांगली जुंपलेली असताना टेबलावर कात्री कर्र कर्र चालत होती. भांडण संपलं तेव्हा कात्री खाली ठेवलेली होती.

मास्तर टेबलाजवळ आले. दोन निळ्या बाह्या पडल्या होत्या. त्यांनी चांगल्या असलेल्या हाताने एक उचलली, सुलट बाजू आत घेऊन दुसरीवर ठेवली. कड कडेला लागली. खांद्याकडच्या मुंढ्याचा गोल गोलाला, कोपर कोपराला, मनगट मनगटाला. त्यांनी ती उचलून पुन्हा ठेवली. तिसऱ्यांदाही ठेवली.

"हं," मास्तर म्हणाले.

काकांनी दोन दिवस मान वर न करता कोट शिवला. शनिवारी दुपारी ग्रंथपाल आले. कोट घातला, आरशासमोर उभे राहिले आणि सगळ्या गिऱ्हाइकांसारखे पोट आत घेण्याऐवजी त्यांनी उजवा हात सरळ वर नेला, सगळ्यात वरच्या कप्प्यातलं पुस्तक काढल्यासारखा. मग डावा. कोट जागचा हलला नाही. ओढला नाही, काखेत दाटला नाही. ते तसेच हात वर करून उभे राहिले.

"तीस वर्षं," ते म्हणाले, आणि एक एक करून हात खाली घेतले. मग त्यांनी विचारलं, "कुणी कापला?"

मास्तरांनी छताकडे बघितलं, प्लास्टरकडे बघितलं. "हिने," म्हणाले. आणि मग एकदम भडकून, "पण आता काजं कोण करणार? सोमवारपासून ही टेबलाशी उभी राहणार, मग काजांसाठी माणूस मी कुठून पैदा करू? कुणी विचार केलाय का याचा?"

खिडकीजवळच्या स्टुलावर बसलेल्या तिला हे ऐकून काय वाटलं ते तिने कुणालाच सांगितलं नाही. ग्रंथपाल दुकानातून बाहेर पडले आणि निळा कोट घालूनच रस्त्याने चालू लागले. ती खिडकीतून बघत राहिली, वळणापर्यंत. दोन्ही हात दोन्ही बाजूंना होते.

"ए डावे, चहा घेणार का?" काकांनी विचारलं आणि जीभ चावली. "आता काय म्हणायचं तुला?"

"डावीच म्हणा. नव्या गिऱ्हाइकाला सांगायला तुम्हाला काहीतरी नको का?"

त्यानंतर तिने घरी कागद कापणं बंद केलं. गरजच उरली नव्हती. सासऱ्यांना रोज अख्खं वर्तमानपत्र मिळू लागलं. पहिल्या दिवशी त्यांनी मधलं जोडपान कडेपासून कडेपर्यंत वाचलं. दुसऱ्या दिवशीही वाचलं. तिसऱ्या दिवशी ते मोठ्याने वाचेनासे झाले. चौथ्या दिवशी ती संध्याकाळी घरी आली तेव्हा जोडपान जमिनीवर पसरलेलं होतं आणि त्यावर स्वयंपाकघरातली कात्री ठेवलेली होती.

"जरा काप ना," सासरे म्हणाले.

"आता कशाला, बाबा? मिळतंय ना सगळं वाचायला?"

"तेच तर. सगळं वाचावं लागतं." त्यांचा चेहरा खरंच उतरला होता. "त्यात काही नसतं गं. कोमट पाणी नाही, काही नाही."

तिला हसू आवरेना. मग तिने पिशवीतून टेप काढली. "उभे राहा. हात सोडा मोकळे. तुमच्या मापाचा कोट कापते, आज कागदाचा, पुढच्या महिन्यात कापडाचा."

सासरे शिपायासारखे ताठ उभे राहिले. तिने खांदा मोजला, खांद्यापासून मनगटापर्यंत हात मोजला, आकडा कोपऱ्यात लिहिला आणि कात्री उचलली.

"पुन्हा एकदा बघायचं नाही?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि घडीलगतच्या बातमीत कात्री घातली.